ढोर उठलं पायजे

धान रोवण्याच्या दिवसांत बैल बसला की घर बसतं. पऱ्हे उपटायला आलेले असतात, बांधीत पाणी थांबलेलं असतं, रोवणाऱ्या बायांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं असतं, आणि सकाळी कोठ्यात जाऊन बघावं तर जोडीतला एक मान टाकून पडलेला. अंग तापलेलं, नाकातोंडातून पाणी, पाय टेकवत नाही. तिवा. तीन दिवसांत आपला आपण उतरणारा ताप हा, पण आषाढात तीन दिवस कोणाकडे असतात? मग सायकलवर पोरगा दवाखान्यात यायचा. माझ्या मोटारसायकलच्या पेटीत एक औषध नेहमी असायचं. पंधराएक मिली मानेच्या मांसात टोचलं की दुपारपर्यंत बैल उभा, संध्याकाळी तणस ओढायला लागलेला. घरधनी म्हणायचा, "उठलं जी डॉक्टर, उठलं!" चहा व्हायचा. निघताना पिशवीत चार दोडके पडायचे.

औषधाचं नाव डायक्लोफेनॅक. माणसांच्या गुडघेदुखीवरचंच. नव्वदच्या दशकात ते ढोरांसाठी मिळायला लागलं. स्वस्त होतं, लगेच लागू पडायचं. गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शीच्या बाजूला ज्या दवाखान्यांतून मी नोकरी केली, तिथे किती ढोरांना ते टोचलं याचा हिशेब माझ्याकडे नाही. रजिस्टरात असेल. रजिस्टरांना वाळवी लागली असेल.

मी पशुवैद्यक. नागपुरात शिकलो, नोकरी सगळी झाडीपट्टीत केली, आता निवृत्त आहे. वन्यजीवांवर लिहिणारे लोक वेगळे. त्यांच्याकडे दुर्बीण असते, वाघाचे किस्से असतात. माझं रान म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना मधे लागणारं. तरी लिहितो आहे, कारण या भागातली गिधाडं गेली त्यात माझा हात होता. हात म्हणजे हाच, उजवा, सिरिंज धरणारा.

लहानपणी गिधाडं इतकी दिसायची की ती पाहायला जाण्याची गोष्ट नव्हती. गावाबाहेर नाल्याच्या पलीकडे ढोरफोडीची जागा होती. मेलेलं ढोर तिथे ओढून नेत. कातडं सोलणारे आपलं काम आटपून बाजूला झाले की वर एक ठिपका दिसायचा, मग दोन, मग आभाळ भरून. उतरताना पंखांचा आवाज व्हायचा, कोणी धानाच्या पेंढ्या झोडपतंय असा. तास-दीड तासात बैलाचा सांगाडा व्हायचा. मग हाडं गोळा करणारा बंडी घेऊन यायचा. त्याला मांस चिकटलेलं हाड नको असे, म्हणजे त्याचा अर्धा धंदा गिधाडांच्या चोचीवर चाले. आम्ही पोरं नाक धरून धुऱ्यावर बसून बघायचो. घरी कळलं की आंघोळ आणि मार, कधी या क्रमाने, कधी उलट.

आजीला गिधाडाचं नाव काढलेलं चालत नसे. घरावर बसलं तर घर सोडावं लागतं, म्हणायची. आणि तीच आजी रामायण ऐकताना जटायूपाशी डोळ्यांना पदर लावायची. दोन्हींचं एकमेकांशी काही नातं आहे हे तिच्या मनात आलं नसावं. आपल्या बोलण्यातही वारसदार भांडले की ते 'गिधाडासारखे तुटून पडतात'. गिधाडं भांडतात खरी, मी पाहिली आहेत. पण ती तास-दीड तासात भांडण आणि जेवण दोन्ही संपवून उडून जातात. कोर्टात तारखा घेत नाहीत.

ती गेली कधी, हे मला सांगता येत नाही. याची लाज वाटते. पोळ्याच्या तारखा लक्षात आहेत, घटसर्पाची साथ कोणत्या गावात कोणत्या वर्षी आली ते आठवतं, आणि एवढ्या थोरल्या पंखांचा पक्षी आभाळातून पुसला गेला ते मला दिसलं नाही. आधी वास आला. ढोरफोडीवर मढी आठ-आठ दिवस पडून राहायला लागली. मग कुत्री वाढली. गावातली नव्हेत, गावाबाहेर टोळीने हिंडणारी, मढ्यावर पोसलेली. त्यांनी चावलेली वासरं माझ्याकडे यायची. पिसाळलेल्या गाईला बांधून ठेवा, तोंडात हात घालू नका, असं मी गोठ्यागोठ्यात सांगत फिरायचो. एकदाही मान वर करून बघितलं नाही. पुढे दोन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास आला. 2000 ते 2005 या काळात गिधाडं नाहीशी झाल्यामुळे भारतात सुमारे 5 लाख माणसं जादा मेली असावीत, असा त्यांचा अंदाज आहे: नासलेलं पाणी, कुत्री, रोगराई. तो आकडा वाचताना मला माझ्या हद्दीतली ती वासरं आठवली.

कोणी म्हणे उंच झाडं गेली म्हणून गिधाडं गेली. कोणी म्हणे रोग आला. मी रोगाच्या बाजूचा होतो. शिकलेल्या माणसाला रोग हे उत्तर पटकन आवडतं. मोठमोठे शास्त्रज्ञही सुरुवातीला विषाणूच शोधत होते.

चोर पकडला तो आमच्याच धंद्यातल्या माणसाने. लिंडसे ओक्स नावाचे अमेरिकेतले पशुवैद्यक, रोगनिदानातले तज्ज्ञ. पाकिस्तानातल्या पंजाबात मेलेली गिधाडं उघडून त्यांचं पथक कारण शोधत होतं. विषाणू नाही, जंतू नाही, कीटकनाशक नाही, शिसं नाही. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला. ही खातात काय? पाळीव ढोरं. मग त्या ढोरांना टोचतात काय? औषधांच्या दुकानांत आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे चौकशी करत ते डायक्लोफेनॅकपर्यंत पोचले. 2004 मध्ये त्यांचा निबंध आला. गिधाडाच्या पोटात हे औषध गेलं की मूत्रपिंड बंद पडतं, युरिक ॲसिड रक्तात साचतं आणि आतल्या अवयवांवर खडूच्या भुकटीसारखं बसतं. दोन-चार दिवसांत पक्षी मान खाली घालतो आणि झाडावरून पडतो.

हे मला कळलं तेव्हा मी वकिली सुरू केली. औषध टोचल्यावर ढोर जगलं तर ते आठवडाभरात अंगातून निघून जातं. दोन-तीन दिवसांत मेलं तरच मढ्यात विष उरतं. माझे बैल तर उठत होते! संध्याकाळी तणस खात होते. मग माझ्यामुळे कसं?

दोन गोष्टींनी ही वकिली मोडली. पहिली गणिताची. शास्त्रज्ञांनी हिशेब केला तेव्हा दिसलं, की शंभर मढ्यांतलं एकसुद्धा विषारी असायची गरज नव्हती, त्याहूनही कमी पुरेशी होती. एका मढ्यावर पन्नास-साठ जेवायला बसतात आणि जोडी वर्षाला एकच अंडं घालते. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात 99.9 टक्क्यांनी घटली. हजारात एक उरलं.

दुसरी गोष्ट कोणी सांगितली नाही, मलाच रात्री सुचली. दुखणं थांबवायचं इंजेक्शन मी कोणाला हमखास द्यायचो? जे ढोर उठणार नाही हे मला दिसत होतं, त्याला. म्हातारी गाय, पोट फुगलेली, डोळे पांढरे झालेले. घरची बाई पदर तोंडात धरून उभी. अशा वेळी नुसती पेटी उचलून निघून जाता येत नाही. तेव्हा मी शेवटचं म्हणून एक टोचायचो. तिची वेदना कमी व्हावी, आणि डॉक्टरांनी केलं जेवढं होतं तेवढं, असं घराला वाटावं. गाय रात्रीत जायची. सकाळी ढोरफोडीवर.

2006 मध्ये ढोरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. परिपत्रक आलं, वाचलं, सही केली, फाइलला लावलं. पर्याय होता, मेलॉक्सिकॅम. गिधाडांना ते चालतं हे तपासून सिद्ध झालेलं होतं. पण मेडिकलमध्ये माणसांसाठीची 30 मिलीची बाटली मिळत होती, आणि एक बाटली म्हणजे दोन बैल. खोटं कशाला बोलू, बंदीनंतरही दोनदा मी ती वापरली. शेतकऱ्यानेच आणून हातात दिली होती. "डॉक्टर, तुमचं ते नवीन औषध रायू द्या. माह्या बैल उद्या बांधीत पायजे." मी म्हटलं, गिधाडं मरतात यानं. तो हसला. "ढोर उठलं पायजे जी. गिधाडाचं काहून घेऊन बसले?"

त्याला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मग एका हिवाळ्यात वनरक्षक पोत्यात एक गिधाड घेऊन दवाखान्यात आला. मेलेलं. शवविच्छेदन करायचं होतं. इतक्या जवळून मी ते पहिल्यांदाच पाहत होतो. लहानपणी धुऱ्यावरून दिसायचं त्यापेक्षा केवढं तरी मोठं. मानेवरची लव मऊ, करड्या रंगाची. टेबलाला ते पुरेना, पंख बाहेर लोंबत होते. छाती उघडली, आणि आत सगळं चुना फासल्यासारखं पांढरं. यकृतावर, हृदयाच्या पिशवीवर. मूत्रपिंडं सुजून फिकी पडलेली. मी हे पाहिलेलं होतं, कोंबड्यांमध्ये. शेडमधल्या कोंबड्यांना मूत्रपिंडाचा आजार झाला की असंच दिसतं. हात ओळखीचं काम करत होते. वनरक्षक दाराशी उभा राहून विचारत होता, "साहेब, कशानं?" मी म्हटलं, नमुने पाठवू, मग कळेल.

नमुने बर्फात घालून पाठवले. अहवाल आला नाही. दोन स्मरणपत्रं गेली, त्यांचंही उत्तर नाही. त्या कार्यालयावर मी आता रागावत नाही. माझ्याही टेबलावर लोकांचे कागद पडून असायचे. पण त्यामुळे ते गिधाड कशाने मेलं हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी एका शाळेच्या हॉलमध्ये बैठक झाली. वनविभागाने बोलावली होती. खुर्च्यांच्या दोन बाजू आपोआप पडल्या: इकडे आम्ही ढोरांचे डॉक्टर, तिकडे खाकी. त्यांना आमची आठवण वाघाने गाय मारली की यायची, दाखल्यापुरती. आम्हाला त्यांची आठवण यायची ती आमच्या गावच्या माणसाची सरपणाची बंडी अडवली की. या दोन खात्यांची वाहनं एकाच रस्त्याने तीस वर्षं धावली, पण चहाच्या टपऱ्या वेगळ्या होत्या.

मुंबईहून आलेल्या संशोधक बाई बोलायला उभ्या राहिल्या. आता आपल्याला ऐकवणार, म्हणून मी खुर्चीत सावरून बसलो. पण त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "मेलॉक्सिकॅम तुम्हाला का आवडत नाही?"

हे आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं. एकदम सगळे बोलायला लागले. महाग पडतं. टोचताना ढोर उसळतं. संध्याकाळपर्यंत उठत नाही, दुसऱ्या दिवशी उठतं, आणि तोवर शेतकरी दुसऱ्याला बोलावतो. दुसरा म्हणजे कोण? गावोगाव पिशवी घेऊन फिरणारे, पदवी नसलेले. पुढच्या बैठकीला त्यांनाही बोलवा, असं बाई म्हणाल्या, तर आमच्यातले दोघे उठून उभे राहिले: आम्ही त्यांच्या रांगेत बसायचं? मीही मनातून त्या दोघांच्याच बाजूचा होतो. पण खरं हेच होतं, की गावातली निम्मी इंजेक्शनं ते देत होते. पुढच्या वेळी ते आले, मागच्या भिंतीला टेकून बसले. मेडिकलवालाही आला. म्हणाला, "मी ठेवलं नाही तर समोरचा ठेवते." मग समोरच्यालाही बोलावलं.

अशा बैठका पाच-सहा झाल्या असतील. त्यात कुठलाही चमत्कार झाला नाही. डोस वजनाप्रमाणे नीट दिला तर मेलॉक्सिकॅम वेळेवर लागू पडतं, आम्हीच हात आखडत होतो, हे एका तरुण डॉक्टरने दाखवून दिलं. पुढे ते बनवणाऱ्या कंपन्या वाढल्या, भाव उतरला. वनरक्षकांना पहिल्यांदाच कळलं की आम्ही रात्री दोनला अडलेली गाय सोडवायला जातो. आम्हाला कळलं की घरट्याचं झाड कोणतं हे त्यांना पाठ असतं. पांढऱ्या पाठीचं गिधाड उंच झाडावर घरटं करतं, आणि पिल्लू उडायच्या बेताला येतं नेमकं तेव्हा मोहाचा हंगाम येतो, झाडाखाली पाला पेटवतात.

2015 मध्ये सरकारने माणसांच्या डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन 3 मिलीच्या एका डोसातच विकायचं, असा नियम केला. बैलाला द्यायचं तर पाच ॲम्प्यूल फोडत बसा. हा नियम ज्याला सुचला त्याने कधी तरी कोठ्यात, एका हाताने शेपटी सांभाळत, सिरिंज भरलेली असणार.

कुनघाड्याच्या बाजूला जंगलात गिधाडांसाठी जेवणाची जागा केली होती. लोक तिला सरळ 'गिधाडाचं हॉटेल' म्हणतात. कुंपण घातलेली मोकळी जागा, कुत्री आत येऊ नयेत एवढ्यासाठी. गावात ढोर मेलं की कळवायचं, मालकाला थोडे पैसे मिळायचे, मढं तिथे नेऊन टाकायचं. पण टाकण्याआधी विचारायचं, याला शेवटचं काय टोचलं, कधी, कोणी? ते लिहायचा रकाना मी आखून दिला. त्या एका रकान्याने जे काम केलं ते माझ्या परिपत्रकांच्या फाइलीने केलं नव्हतं. ढोर गेलं तरी त्याचे पैसे हवेत, तर मालकाला इंजेक्शनचं नाव माहीत असणं भाग झालं. आतापर्यंत "लाल झाकनाची बाटली" एवढंच माहीत असलेला माणूस मला विचारायला लागला, "यात ते गिधाडवालं नाही ना जी?"

तिथे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पहाटे साडेपाचला जाऊन बसलो होतो, हौसेने. नुसते कावळे. वनमजूर गालात हसत होता. गिधाडाला जमीन तापावी लागते, गरम हवा वर चढायला लागली की तो तिच्यावर तरंगतो. नऊ-साडेनऊच्या आत कशाला येतो तो? वनमजुराला हे कोणी शिकवलं नव्हतं. मला तरी कुठे शिकवलं होतं.

शाळेत मात्र मी सुरुवातीला फसलो. गिधाड पर्यावरणाचा सफाई कामगार, वगैरे. पोरं घाम येईपर्यंत माना डोलवत होती. मागच्या बाकावरच्या पोरीने विचारलं, "सर, तुमी किती मारले?" बहुतेक घरी कोणी तरी बोललं असेल. गुरुजी तिला गप्प करायला निघाले. मी म्हटलं, राहू द्या गुरुजी. आणि त्या म्हाताऱ्या गाईची गोष्ट सांगितली, शेवटच्या इंजेक्शनची. वर्ग ऐकत होता. तेव्हापासून मी भाषण सोडलं आणि एकच काम द्यायला लागलो: घरी जाऊन कोठ्याच्या कोनाड्यात, आड्याला खोचलेल्या, परसात पडलेल्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या शोधा, नावं लिहून आणा. सुईला हात लावायचा नाही, काच फुटली असेल तर तशीच ठेवायची. पहिल्याच गावात एक्केचाळीस नावं आली. त्यात दोन डायक्लोफेनॅक, एकावर तारीख मागच्याच वर्षाची. बंदीला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. ती यादी मी पुढच्या बैठकीत वाचली, आणि दोन्ही मेडिकलवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

औषधं बदलत राहतात. ॲसेक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन ढोरांसाठी बंद झाली 2023 मध्ये, निमेसुलाइड 2024 च्या शेवटी. दर वेळी नवं नाव पाठ करायचं, कोनाडे पुन्हा शोधायचे. जानेवारी 2024 मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातली पांढऱ्या पाठीची 10 गिधाडं ताडोबात बोटेझरीला आणली, पाठीवर जीपीएस लावून ऑगस्टमध्ये सोडली. काही दगावली. एक फिरत फिरत तमिळनाडूपर्यंत पोचलं. पेपरात त्याचा नकाशा आला होता, वेडीवाकडी रेघ. ती ज्या ज्या जिल्ह्यांवरून गेली होती तिथे कोणाच्या मोटारसायकलच्या पेटीत काय असेल, एवढंच माझ्या मनात येत होतं.

परवा फोन आला. ओळखीचा पोरगा, त्याच्या वडिलांचे बैल मी बघायचो. आता शेती तो करतो, जोडी विकून ट्रॅक्टर भाड्याने घेतो, पण एक म्हातारा बैल ठेवला होता.

"काका, बैल गेला आज सकारी. हॉटेलात नेऊ का?"

"काय टोचलं होतं?"

"परवा तापाचं देलं होतं एकानं. नाव नाही माहीत. बाटली आहे."

"फोटो पाठव."

फोटो आला, हललेला. परत काढायला सांगितला. दुसऱ्यात लेबल स्पष्ट होतं. चष्मा लावून दोनदा वाचलं. निमेसुलाइड. उत्पादनाची तारीख जुनी होती, कोणाच्या तरी पिशवीत उरलेली बाटली असणार.

"नेऊ नको," मी म्हटलं. "गाडून टाक. खोल गाड, कुत्री उकरतील. आणि ती बाटली फेकू नको, मी घ्यायला येतो."

पलीकडे तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "खाली मुरूम आहे काका. जेसीबी सांगावा लागन."

"सांग," म्हटलं. "निम्मे पैसे मी देतो."